कारभारी कोण?

परवा एका ग्रामपंचायतीत बातमीसाठी गेलो होतो. (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.) सरपंच ताईंना पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, "थांबा, कारभारी येतील, त्यांनाच विचारा." कारभारी म्हणजे त्यांचे यजमान. आले आणि सरळ सरपंचाच्या खुर्चीत बसले!

काय शब्द आहे बघा. जव्हार संस्थान होतं तेव्हा मुकणे महाराजांच्या हाताखाली राज्य बघणारा तो कारभारी. तिकडे पुण्यात 1774 ला राघोबादादांना बाजूला सारणारे बारभाई, तेही कारभारीच. आपल्या पाड्यावर लग्न, भांडणतंटा मिटवायला बसणारी जाणती माणसं, तेही कारभारी. आणि बायको नवऱ्याचं नाव न घेता ज्याला हाक मारते, तोही. दिवाणापासून दादल्यापर्यंत शब्द एकच. त्यातला घरचा कारभारी पंचायतीत कधी घुसला, कळलंच नाही.

पंचायतीत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. पण फोन कोणाला जातो? साहेब लोक नवऱ्यालाच लावतात. दुसऱ्याला कशाला नावं ठेवू, माझ्याच मोबाईलमध्ये त्या यजमानांचा नंबर 'सरपंच' म्हणून सेव्ह आहे.

खरं तर पेसामध्ये नवराही कारभारी नाही आणि एकटा सरपंचही नाही. ग्रामसभा आहे. 1996 चा कायदा, 2014 चे राज्याचे नियम. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट पंचायतीला येतो, तो कुठे खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचं. पण दिवाळी झाली की अर्धा पाडा भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला कोण असतं? 1 मे ला? हात वर करायला माणसंच नाहीत, मग रजिस्टरवर सह्या कशा होतात ते सगळ्यांना माहीत आहे.

1992-93 ला वावर-वांगणीची पोरं कुपोषणाने गेली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. नंतर योजना आल्या, अधिकारी आले, समित्या आल्या. पाड्याचा कारभार मात्र पाड्याबाहेरच ठरत राहिला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, निधीचे ठराव 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सभेत घ्या, माणसं गावात असताना. गरज पडली तर दिवाळीआधी जादा सभा लावा, आणि ती पाड्यावर लावा.

2 ऑक्टोबरला मी त्या गावात येतोय. ताई, प्रश्न तुम्हालाच विचारणार. यजमानांनी खाली सतरंजीवर बसावं, माझ्या शेजारी.