जागल्याचा सत्कार कोण करणार?

5 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्या वाशिम जिल्ह्यात एक मोठा समारंभ झाला, तो तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते ‘पीएम किसान’ योजनेचा अठरावा हप्ता देण्यात आला. देशातील सुमारे 9 कोटी 40 लाख शेतकऱ्यांच्या खात्यांवर मिळून सुमारे 20 हजार कोटी रुपये जमा झाले. पूर्वी एवढी रक्कम हलवायची म्हणजे पेट्या, कुलपे आणि बंदूकधारी शिपाई लागले असते. येथे यांपैकी काहीच दिसले नाही. रक्कम आकड्यांच्या रूपाने तारांतून गेली आणि रिसोडच्या शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश वाजला.

पण बंदूकधारी शिपाई दिसले नाहीत, म्हणून पहारा नव्हता असे समजू नका. ज्या संगणकांतून ही रक्कम गेली त्यांवर रात्रंदिवस नजर ठेवणारी माणसे असतात. त्यांच्या कामाला सायबर सुरक्षा म्हणतात. समारंभाची छायाचित्रे सर्व वृत्तपत्रांत आली. या माणसांचे छायाचित्र कोणत्याही वृत्तपत्रात आल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

वऱ्हाडातल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. सोयाबीन, हरभरा वा तूर शेतात उभी असताना रोही आणि रानडुकरे येऊन एका रात्रीत वाटोळे करतात. म्हणून घरातले कोणीतरी मचाणावर जागलीला जाते. थंडीत कुडकुडत, टिनाचा डबा वाजवीत रात्र काढते. सकाळी पीक जसेच्या तसे उभे असते. पुढे एकरी उत्पन्नाबद्दल शेतकऱ्याचा सत्कार होतो, फेटा बांधला जातो. जागलीला गेलेल्याला कोणी फेटा बांधल्याचे तुम्ही पाहिले आहे काय? त्याने केलेल्या कामाचा पुरावा म्हणजे न झालेले नुकसान! आणि जे झालेच नाही ते मोजायचे कसे?

सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात पुरस्कार अजिबात दिले जात नाहीत असे नव्हे. ‘डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया’ ही संस्था दर वर्षी असे पुरस्कार देते. सायबर गुन्ह्याचा उत्तम तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचाही त्यांत गौरव होतो. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तपास हा चोरी झाल्यानंतरचा भाग. चोरी होऊच न देणारा, किंवा भिंतीला पडलेले भोक वेळीच पाहून घरमालकाला उठविणारा, तो सत्कारातून बहुधा निसटतो. त्याला शोधून काढले पाहिजे, आणि त्यासाठी आपली मोजपट्टीच बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम चोरीचे उदाहरण घेऊ. शनिवार, 11 ऑगस्ट 2018. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांनी 28 देशांतील यंत्रांतून दोन-सव्वादोन तासांत सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी गेले. दोन दिवसांनी आणखी सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण 94 कोटींच्या वर रक्कम गेली. हे घडले कसे? आपण यंत्रात कार्ड घालतो तेव्हा यंत्र बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते, ‘या खात्यात पैसे आहेत काय? देऊ काय?’ चोरांनी या दोघांच्या मध्ये आपला एक तोतया बसविला. प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोचतच नव्हता. तोतयाच परस्पर ‘हो, दे’ असे उत्तर देत होता. या प्रकरणी पुढे 2023 साली पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरविले. ही हकीकत सर्वांना ठाऊक झाली. परंतु असा तोतया बसविण्याचा प्रयत्न ज्या बँकेत वेळीच हाणून पाडला जातो, तिची बातमी होत नाही.

आता चोरी अडविल्याचे एक उदाहरण पाहा. फेब्रुवारी 2016 मध्ये चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकात शिरून न्यूयॉर्कमधील तिच्या खात्यातून सुमारे 95 कोटी डॉलर काढण्याचे हुकूम सोडले. त्यांतील 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोचले. दोन कोटी डॉलर श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावे निघाले होते. त्या हुकुमात ‘फाउंडेशन’ या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकून ‘फँडेशन’ असे पडले होते. मधल्या एका बँकेतील कोणाच्या तरी नजरेला ते खुपले. ‘हे खरे आहे काय?’ अशी विचारणा झाली आणि दोन कोटी डॉलर वाचले. (शुद्धलेखनाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!) ज्याच्या नजरेला ती चूक खुपली त्याचे नाव जगापुढे आले नाही. न चुकणारा संगणक जे पाहू शकला नाही, ते एका लक्ष देऊन वाचणाऱ्या माणसाने पाहिले.

याहून अलीकडची एक हकीकत सांगतो. आंद्रेस फ्रॉइंड हे अमेरिकेत काम करणारे एक आज्ञावलीकार, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे. मार्च 2024 मध्ये दूरच्या संगणकात प्रवेश करावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. अर्धा सेकंद म्हणजे किती? डोळ्याची पापणी एक-दोनदा लवेल एवढाच वेळ. दुसरा कोणी असता तर ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे गेला असता. फ्रॉइंड मागे लागले. शोधता शोधता त्यांना दिसले की, ‘एक्सझेड’ या नावाच्या, माहिती दाबून लहान करणाऱ्या एका मोफत साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसविला आहे. ज्याने तो बसविला त्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदतनिसाचे सोंग घेऊन विश्वास संपादन केला होता. ते साधन जगभरच्या असंख्य संगणकांवर पोचण्याच्या बेतात होते. 29 मार्च रोजी फ्रॉइंड यांनी आपणास काय दिसले, ते कसे तपासले, हे सारे उघडपणे लिहून जगापुढे ठेवले आणि चोरदरवाजा बंद झाला.

येथे दोन गोष्टी आम्हास मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे क्षुल्लक विसंगतीकडे दुर्लक्ष न करणे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत गुरुजी हेच शिकवितात. दुसरी त्याहून मोठी. जे सापडले ते त्यांनी लपविले नाही, विकले नाही, योग्य ठिकाणी कळविले. अशा दोषाची माहिती चोरांच्या बाजारात भारी किमतीला विकली जाऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे या दुसऱ्या गोष्टीची किंमत कळते.

कोणी म्हणेल, या क्षेत्रात गुप्तता हाच धर्म. मग उघड सत्कार कसा करावा? शंका रास्त आहे. ब्रिटनमधील जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन या तिघांची गोष्ट तिचे उत्तर देण्यास उपयोगी पडेल. ते सरकारच्या गुप्तलेखन खात्यात काम करीत. दोन माणसांनी आधी भेटून किल्ली ठरविल्याशिवाय गुप्त संदेश पाठविता येईल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. उत्तर असे की, कुलूप सर्वांना वाटावे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवावी. कुलूप कोणीही लावील, उघडणार मात्र किल्लीवालाच. यासाठी जे गणित लागते त्याची चव तुम्हीही घेऊ शकता. 83 गुणिले 97 किती, हे कागदावर अर्ध्या मिनिटात निघते: 8,051. पण नुसते 8,051 देऊन त्याचे दोन अवयव विचारले तर वर्गातील हुशार मुलगीही थोडा वेळ घेईल. आता संख्या सहाशे अंकी घ्या. जगातील बलाढ्य संगणकही आज तिच्यापुढे हात टेकतील.

कॉक्स यांनी ही रीत 1973 साली शोधली, पण ती फायलीत बंद राहिली. 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी अमेरिकेत तीच रीत स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केली. त्यांना 2002 सालचा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातील जणू नोबेल, मिळाला. तो योग्यच होता. ब्रिटिश तिघांची कामगिरी जगाला कळली ती डिसेंबर 1997 मध्ये. एलिस त्याआधी काही आठवडे, नोव्हेंबरात, वारले होते. गुप्तता आवश्यक असेल तेव्हा ती पाळावीच, परंतु गरज संपताच नाव सांगण्यास विलंब करू नये, एवढे तरी या गोष्टीवरून मान्य व्हावे.

बाजार सत्कार करीत नाही काय? करतो. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात गणनयंत्रे दुरुस्त करू लागले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. फ्लॉपीवरून पसरणाऱ्या संगणक-विषाणूंनी त्या काळी गिऱ्हाइके हैराण होत. विषाणूच्या आज्ञावलीतील ठरावीक खुणा ओळखून त्याला काढून टाकणारी साधने संजय यांनी लिहिली आणि त्यांतून 1990च्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. 2016 साली त्या कंपनीचे समभाग बाजारात आले. मराठी मुलांनी ही हकीकत जरूर वाचावी. मात्र बाजार जे विकता येते त्यालाच मान देऊ शकतो. स्पेलिंग खुपणे विकता येत नाही.

मोजपट्टीविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. ‘आम्ही वर्षात अमुक लाख हल्ले अडविले’ अशा आकड्यांवर कोणाला पुरस्कार देऊ नये. आंतरजालाला जोडलेल्या कोणत्याही संगणकाची दारे दिवसभर कोणी ना कोणी ठोठावीतच असतो. ती सारी ठकठक हल्ला म्हणून मोजली तर आकडा हवा तेवढा फुगतो. बुजगावण्याने किती पाखरे हाकलली, यावर शेतकऱ्याची परीक्षा करण्यासारखे ते होईल.

तसेच, दुसऱ्याच्या संगणकात शिरून दाखविणे म्हणजे पराक्रम, ही चित्रपटी समजूत मनातून काढून टाकावी. परवानगीवाचून असे करणे आपल्या 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या विरुद्ध आहे. अप्रामाणिकपणे केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोष सहज नजरेस पडला तर त्या संस्थेला कळवावे. 2004 पासून काम करणारे ‘सर्ट-इन’ हे राष्ट्रीय पथक अशा सूचना स्वीकारते. मात्र सूचना देणाऱ्या मुलाला ‘तू तिथे पाहिलेसच का?’ असे दरडावणारे कार्यालय आम्ही पाहिले आहे. त्या मुलाने पुढे कोणाला काही कळविले असेल, असे वाटत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. ध्वजवंदनाच्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी गुणवंतांचे सत्कार होतात. वाशिम जिल्ह्याने त्यांत एक सत्कार जागल्याचा ठेवावा. संगणक अभियंताच हवा असे नाही. पीएम किसानच्या नावाने बनावट अॅपच्या फाइली व्हॉट्सअॅपवर फिरविल्या गेल्या. ती फाइल उघडू नका, असे गावाला सांगणारी कारंज्याची विद्यार्थिनी चालेल. ‘डिजिटल अटके’च्या धाकाने घाबरून ठेव मोडावयास आलेल्या आजोबांना पाणी देऊन बसविणारा, अशी अटक कायद्यात नाहीच हे सांगणारा आणि 1930 या क्रमांकावर फोन लावून देणारा मंगरूळपीरचा रोखपाल चालेल. रक्कम किती वाचली, हे विचारू नये. काय खटकले, कोणाला कळविले आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदल झाला, एवढे एका कागदावर लिहून घ्यावे. ज्याची फसवणूक होता होता टळली त्याचे नाव गाळावे. निवड समितीत एक विज्ञानशिक्षक, एक बँकेचा अधिकारी आणि एक सायबर पोलीस असावा. निवडलेले कागद जिल्ह्यातील शाळांना वाचावयास पाठवावेत, म्हणजे मानोऱ्यात जे खटकले ते मालेगावातही खटकेल.

पहिल्या वर्षी अर्ज थोडेच येतील. ‘यात मी काय विशेष केले?’ असे म्हणून पुष्कळजण गप्प बसतील. त्यांची नावे शिक्षकांनी व शेजाऱ्यांनी सुचवावीत. आणि अर्जासोबत कामगिरीचे छायाचित्र जोडण्याची अट मात्र घालू नये.