नियम न वाचण्याचे स्वातंत्र्य

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळात राक्षसाच्या हल्ल्याचे नियम म्हणजे रुक्ष हिशेब. कल्पनेच्या खेळात त्यांना चिकटून बसतो तो कारकून, असे मत वारंवार कानी पडते. ते मांडणाऱ्यांत साहित्याचे अभ्यासकही असावेत, याचा आम्हांला खेद वाटतो. आमच्या मते ही रसिकता नव्हे. हा वाचनाचा आळस आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेका पात्राचे निर्णय घेतात. उरलेले जग, राक्षसांसकट, डंजन मास्टर चालवतो. राक्षसांच्या नोंदी 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये असतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला ट्रोल पाहा. हल्ल्याची कृती केली की एक घाव, हा सामान्य नियम. ट्रोलच्या नोंदीतले 'मल्टिअटॅक' त्याला आपल्या पाळीत एका चाव्याची आणि दोन पंजांची मुभा देते. आता एखादे पात्र त्याच्या टप्प्यातून निसटून पळू लागले, तर त्याला जाता जाता घाव घालता येतो. किती? अनेक डंजन मास्टर बिनदिक्कत तीन घालतात. पण मल्टिअटॅक ही 'कृती' आहे आणि हा घाव ही 'प्रतिक्रिया'. म्हणून घाव एकच. तिन्ही लागले तर सरासरी हानी २९, एका पंजाची ११. जखमी पात्राच्या दृष्टीने हे जगण्यामरण्याचे अंतर आहे.

व्याकरण शिकलेल्यांना यात नवे काय वाटावे? उत्सर्ग आणि अपवाद यांचा हा जुनाच न्याय आहे. अपवाद जेवढ्या क्षेत्रापुरता सांगितला तेवढ्यातच चालतो. बाहेर पुन्हा उत्सर्गाचे राज्य. विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे या खेळाचे पुस्तक आरंभीच सांगते.

तीच गत 'हल्ला' या शब्दाची. ड्रॅगनने आग ओकली तर व्यवहारात आपण त्याला हल्लाच म्हणू. परंतु या खेळात हल्ला हा पारिभाषिक शब्द आहे: वीस बाजूंचा फासा टाकून समोरच्याच्या 'आर्मर क्लास'शी ताडून पाहिला जातो तो हल्ला. आगीसाठी ड्रॅगन असा फासा टाकत नाही; तिच्या कक्षेत सापडलेल्यानेच बचावाचा फासा टाकायचा असतो. म्हणून तिथे चिलखताचा आर्मर क्लास कामी येत नाही. रूढार्थ आणि पारिभाषिक अर्थ यांची गल्लत परीक्षेतल्या उत्तरात आम्ही खपवून घेत नाही. इथे का घ्यावी?

आणि हे नियम रुक्ष तरी कुठे आहेत? लांडग्याचा एखादा साथीदार सावजाच्या पाच फुटांत उभा असेल, तर लांडगा दोन फासे टाकून त्यांतला मोठा धरतो. एकही विशेषण न वापरता कळपाची शिकार त्या वाक्यात उतरली आहे. ट्रोलच्या जखमा भरून येतात आणि आगीपुढे ते थांबते. या कल्पनेचे मूळ पोल अँडरसन यांच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या १९६१ च्या कादंबरीत आहे. ज्याला तुम्ही हिशेब म्हणता, त्याच्या पोटात कादंबरी आहे.

यावर उत्तर ठरलेले असते: नियम बदलण्याचा अधिकार डंजन मास्टरला आहे. आहेच, तो खेळानेच दिला आहे. पण छंद मोडणारा कवी वेगळा आणि छंद न येणारा वेगळा. बदल आधी सांगून केला तर तो नवा नियम होतो. न वाचता केला तर ती केवळ लहर. ट्रोलपासून पळावे की लढावे, हे खेळाडू नियमावर विसंबून ठरवतो. तो विश्वास काढून घेतला की त्याच्या हाती निर्णय उरत नाही, फक्त दैव उरते.

'ज्याचा त्याचा अर्थ' हे वाक्य आमच्या वर्गांतही न वाचलेल्या पुस्तकाची ढाल म्हणून पुढे येते. अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य आम्हांला मान्य आहे. मात्र ते वाक्य वाचून झाल्यावर सुरू होते, त्याआधी नाही.