रंगमंचावरची महारकी सोडा!

नाटकात दलित माणूस आला की त्यानं कंबरेत वाकायचं, हात जोडायचे, डोळ्यांत पाणी आणायचं. हे कुणी ठरवलं? बहुतेकदा संहितेत तसं नसतंच. तो दिग्दर्शकाच्या डोक्यातला दलित असतो. आणि आपली पोरं मुकाट वाकतात.

पण नुसत्या त्यांना शिव्या घालून भागायचं नाय. आपल्यातलं खूळ वेगळंच. म्हणे, 'आम्ही भोगलंय, आम्हाला तालीम कशाला?' भोगलं म्हणून दाखवता येतं व्हय? शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत ते पोचवायला श्वास, आवाज, हातपाय कमवावे लागतात. भीमराव कर्डकांचे जलसे काय नुसत्या आवेशावर उभे राहिले? ठेका चुकला की विचारही सांडतो.

१९४९ साली बर्लिनला ब्रेश्टच्या 'मदर करेज'मध्ये हेलेन वायगेल उभी राहिली. पोराच्या सुटकेच्या पैशाची घासाघीस चाललीय, तेवढ्यात त्याला गोळ्या घातल्याचा आवाज येतो. ती हंबरडा फोडत नाही. तोंड वासलेलं, मान मागं, आवाज शून्य. ही मुद्रा बहुधा वर्तमानपत्रातल्या एका फोटोवरून आली, असं ब्रेश्टनं नोंदवलंय. सिंगापूरच्या तोफमाऱ्यात मेलेल्या पोराजवळ बसलेली एक भारतीय बाई! जर्मन नटीला ती दिसली. आपल्या नटाला स्वतःची आय दिसत नाय?

प्रेमानंद गज्वींचं 'घोटभर पाणी' बसवताय? मग पाठांतराआधी विचारा, या माणसाला या घडीला काय पाहिजे? पाणी, की हक्क? आडवं कोण येतंय? तो मागतो, टोमणा मारतो, की दम देतो? एकच वाक्य तिन्ही तऱ्हांनी म्हणून बघा. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेल्यांचा वारस उगाच वाकेल कसा? वाकलाच, तर भीतीनं वाकला की डाव म्हणून, हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे.

दिग्दर्शकाशी वाद तोंडानं नको. करून दाखवा. तो नाही म्हणाला तर कारण मागा. कारण पटलं तर आपलं टाकून द्या; नाही पटलं तर उद्या पुन्हा करून दाखवा. तालीम यासाठीच असते.

बाबासाहेबांनी महारकी सोडायला सांगितली. गावातली सोडली. मग तिसऱ्या घंटेनंतर ती पुन्हा अंगावर का घेता? नट हा कुणाचा वेठबिगार नव्हे. ताठ उभे राहा, आणि उभं राहण्याची तालीम रोज करा!