भाव भडकले; पण भडकवले कोणी? #थ्रेड

कांदा कडाडतो, तेल भडकते, डाळ गगनाला भिडते. महागाईची मराठी क्रियापदे वीज, आग आणि धूर यांच्याकडून उसनी घेतलेली आहेत. या वाक्यांना कर्ता आहे, पण तो कांदा आहे. ज्याने कांदा गोदामात अडवला त्याला या वाक्यात जागा नाही. आणि ज्याने तो पिकवला, त्याच्या हातात त्यातले किती पडले, हा प्रश्नही त्यात उमटत नाही.

याच्या जोडीला हल्ली एक सिद्धान्तही ऐकवला जातो. ‘वाजवीपेक्षा जास्त किंमत’ अशी वस्तुस्थिती नसतेच. घेणाऱ्याने मोजली ती किंमत योग्य, आणि ‘वाजवी’ हा शब्द म्हणजे न परवडणाऱ्याची कुरकुर. हा सिद्धान्त भाषेपुढे टिकत नाही आणि इतिहासापुढे तर नाहीच.

‘महाग’ हा संस्कृत ‘महार्घ’ शब्दाचा वंशज. अर्घ म्हणजे मोल. त्याचा विरुद्धार्थी जोडीदार ‘समर्घ’, म्हणजे स्वस्त. तो प्राकृतातून उतरत मराठीत ‘सवंग’ झाला. सवंग धान्य म्हणजे एके काळी कमी दराचे धान्य. आता सवंग उरली आहे ती लोकप्रियता.

तिसरा शब्द अधिक बोलका आहे. काव्यात ‘अनर्घ’ म्हणजे अमूल्य, रत्नाला लावायचे विशेषण. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात मात्र तोच शब्द ‘अयोग्य मोल’ या अर्थाने येतो. व्यापाऱ्यांनी संगनमताने माल अडवला किंवा अनर्घाने खरेदी-विक्री केली, तर दंड १,००० पण. नफ्याची मर्यादाही तेथेच आहे : ठरवून दिलेल्या खरेदीदरावर देशी मालाला शेकडा ५, परदेशी मालाला शेकडा १०. हे नियम प्रत्यक्षात किती पाळले गेले हा वेगळा प्रश्न, आणि कौटिल्याचा राजा स्वतःच मोठा व्यापारी असल्याने त्याला फार सोवळा मानण्याचेही कारण नाही. तरीही ‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा जास्त, हे त्या राज्यशास्त्राला आकड्यात सांगता येत होते. आणि अनर्घाला कर्ता होता.

फारसीतून आलेला ‘निरख’ हाही त्याच कुळातला : बाजाराचा ठरलेला दर. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांत भावांचे नियमन हे एक काम होते.

परंतु सर्वांत बोलकी कथा ‘दामदुपट’ या शब्दाची. व्याज म्हणजे पैशाची किंमत. आणि हिंदू धर्मशास्त्राचा नियम असा की, एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. शंभराचे दोनशे, त्यापुढे नाही. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही हा नियम मानला. मग दख्खनचा कुणबी कर्जात बुडाला कसा? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आत लावणे भाग पाडले. हेतू हा की, व्याज साचत जाऊन फुगू नये. सावकारांनी त्यावर सोपी तोड काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, साचलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून घालायचे आणि दामदुपट पुन्हा पहिल्यापासून मोजायची. नियम अक्षरशः पाळला जात होता आणि कुळ बुडत होते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला, तेव्हा लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे मागितले व जाळले. अवाजवी किंमत ज्यावर लिहिलेली होती, नेमका तोच कागद त्यांनी निवडला. (त्या कर्जामागे वाढवलेला शेतसारा आणि अमेरिकेतील यादवी संपल्यावर कोसळलेला कापूसही होता, पण सरकार नावाचा कर्ता सुप्याच्या बाजारात हाती लागण्यासारखा नव्हता.) १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. आज ‘दामदुप्पट’ हा शब्द ठेवींच्या जाहिरातीत आमिष म्हणून झळकतो. कमाल मर्यादेचे नाव प्रलोभनाचे नाव झाले, आणि कोणाला काही खटकले नाही.

दुसऱ्या महायुद्धात कर्त्याची नावे कायद्यातच आली. १९४३ चा अध्यादेश साठेबाजी आणि नफेखोरी यांच्या प्रतिबंधासाठी होता. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवले की, त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेला तांदूळ आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्केच कमी होता, आणि दुष्काळ न पडलेल्या १९४१ पेक्षा तो १३ टक्के अधिक होता. तांदूळ होता, शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांना त्याचा भाव मोजता येत नव्हता. ‘घेणाऱ्याने मोजली ती किंमत योग्य’ या सूत्रात, मोजू न शकणारा माणूस हिशेबातून वगळलेला असतो.

१९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. समाजवादी आणि साम्यवादी स्त्रिया एकत्र आलेल्या त्या संघटनेचे नाव होते महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. ज्याचा प्रतिकार करायचा, ते वादळ किंवा पाऊस नसते; हे त्या नावातच गृहीत होते.

रेशनच्या दुकानाला मराठीत दोन नावे आहेत : रास्त भाव दुकान आणि स्वस्त धान्य दुकान. बोलण्यात दुसरे रुळले. ‘रास्त’मध्ये हक्क आहे, आणि बाहेरचा भाव रास्त नसल्याचा ठपकाही. ‘स्वस्त’मध्ये फक्त मेहेरबानी उरते.

आणि ‘जास्त’ ठरवताच येत नाही म्हणणाऱ्यांनी अत्यावश्यक वस्तू कायद्यातील २०२० ची दुरुस्ती वाचावी. बाजार मोकळा करण्यासाठीच ती आणली होती. तरीही फळे-भाज्यांचे किरकोळ भाव १०० टक्के आणि नाशवंत नसलेल्या शेतमालाचे ५० टक्के वाढले, तर साठ्यावर मर्यादा घालता येईल, असे तिला लिहावेच लागले. कौटिल्याचा आकडा ५ होता. दुरुस्ती २०२१ च्या अखेरीस इतर दोन कृषी कायद्यांसह रद्द झाली. भाव मात्र बातम्यांमध्ये अजूनही आपोआपच भडकतात.