लिहिले म्हणजे टिकले?

जुन्या धर्मग्रंथांचा विषय निघाला की दोन ठरलेली मते पुढे येतात. पहिले स्वतःला चिकित्सक म्हणवते: हे ग्रंथ शेकडो वर्षे तोंडोतोंडी चालत आले, मध्ये कुणी काय घुसडले याचा पत्ता नाही, तेव्हा कागदावर उतरले तेवढेच पुराव्याला धरावे. दुसरे श्रद्धेच्या बाजूने बोलते: आपल्या पूर्वजांचे पाठांतर असे अचाट की कानामात्रेचाही फरक पडला नाही, मग पाठभेद शोधणे हाच खोडसाळपणा. वरवर ही मते एकमेकांच्या जिवावर उठलेली दिसतात. गल्लत मात्र दोघांची एकच. ग्रंथ गळ्यात राहिला की कागदावर, एवढ्यावरून तो शाबूत राहिला की बिघडला हे ठरते, असे दोघेही गृहीत धरतात. वस्तुस्थिती निराळी आहे. चूक झाली तर पकडणारा कुणी होता का, आणि ती पकडण्याची त्याला गरज वाटत होती का, यावर ग्रंथाचे बरेवाईट ठरत आले आहे.

आधी चिकित्सकांचे पाहू. ऋग्वेदाची १०२८ सूक्ते नुसती पाठ करून कुणी थांबले नाही. शाकल्याने संधी सोडवून पदपाठ केला आणि त्या पदांवर क्रम, जटा, घन असे पाठ रचले गेले. घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे असा फेरा घ्यायचा, मग एक पद पुढे सरकून तोच फेरा पुन्हा. ऋचेच्या मधले कोणतेही पद अशा रीतीने १३ वेळा तोंडातून जाते. शेजारचे पद बदलले की संधी बदलतो, उदात्त-अनुदात्तही हलतात. एखादे अक्षर चुकायचे असेल, तर त्याला या तेराही ठिकाणी जुळवून चुकावे लागेल, आणि तेही चूक ऐकताच अडवणाऱ्या गुरूसमोर. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत; डोके हलवत म्हणणारा आणि घाईने म्हणणारा यांच्याच पंक्तीला लिहिलेले पाहून म्हणणारा बसवला आहे. ही नुसती वैदिकांची आढ्यता म्हणून सोडून देता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शंकर पांडुरंग पंडितांनी अथर्ववेदाची आवृत्ती तयार केली, तेव्हा त्यांनी हस्तलिखितांच्या जोडीला संहिता मुखोद्गत असलेल्या वैदिकांनाही साक्षीला घेतले. आधुनिक पाठचिकित्सेची पद्धत मुरलेल्या संपादकाला जिवंत माणसाचा गळा पोथीइतका ग्राह्य वाटला, हे विसरू नये.

यावर हमखास विचारले जाते की अर्थ न कळता घोकण्यात काय पुरुषार्थ? ज्ञान म्हणून विचाराल तर फारसा नाही. पाठ राखण्याच्या दृष्टीने मात्र अर्थ कळणारा माणूसच धोक्याचा, कारण मजकूर ‘सुधारण्याचा’ मोह त्यालाच होतो. ज्ञानेश्वरीचे उदाहरण घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ती सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. जन्मापासून लेखणीच्या हाती असलेला हा ग्रंथ. तरीही १५८४ साली एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. मूळ निर्दोष असलेला ग्रंथ पाठ बदलत गेल्याने बिघडला, असे नाथांनीच नोंदवले आहे. तीन शतकांत मराठी बदलली होती. नकलणाऱ्याला जुने रूप अडले की तो ओळखीचे रूप घाली, आणि त्याला वाटे की आपण उपकारच करतो आहोत. यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी सक्त ताकीद नाथांनी शेवटी दिली. लोक घालत होते म्हणूनच ना?

आता श्रद्धावंतांकडे वळू. वेदपाठाचा हा दाखला घेऊन ते पुराणांपासून संतगाथांपर्यंत सर्वांना अक्षरशुद्धीचे प्रमाणपत्र वाटत सुटतात, ते चालणार नाही. मंत्राचे फळ उच्चारावर अवलंबून आहे अशी समजूत होती, म्हणून उच्चारावर एवढा पहारा बसला. कथेचे फळ ऐकणाऱ्याच्या रंगण्यात असते. सूताने सांगायचे, श्रोत्याने विचारायचे, पुढच्याने भर घालायची अशा घडणीच्या महाभारताला तसला पहारा कधी नव्हताच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षे खपून चिकित्सक आवृत्ती पुरी केली, ती पाठ एकसारखे असते तर कशाला? व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही घराघरात ठाऊक असलेली कथा या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांना मूळ संहितेत ठेवता आली नाही. ती मागाहून आलेली म्हणून परिशिष्टात गेली. महाभारत लिहिले कसे गेले हे सांगणारा भागच प्रक्षिप्त निघावा, हा योग मोठा गमतीचा. खुद्द ऋग्वेदातही सहा ऋचा अशा आहेत की ज्यांचा पदपाठ शाकल्याने दिलेला नाही, आणि आज घरोघर जपला जाणारा महामृत्युंजय मंत्र त्या सहांपैकी एक आहे. पहारा बसल्यानंतरचे त्याने राखले. आधी काय घडले याची हमी तो देत नाही. वैदिकांनी मात्र या सहा ऋचांचे वेगळेपण झाकले नाही, आजवर तसेच चालवले. आजच्या अभिमान्यांनी तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्याकडून जरूर घ्यावा.

सर्वांत वजनदार आक्षेप अजून राहिलाच आहे. वेदपाठाची शिस्त दारे लावून राखली गेली, स्त्रीशूद्रांना बाहेर ठेवून. मग तिचे गोडवे कशाला? दारे लावली गेली, हे निर्विवाद आहे. पण दारे लावली म्हणूनच पाठ टिकला, हा निष्कर्ष मात्र चुकीचा, आणि तो खोडून काढणारा पुरावा मराठीतच आहे. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून त्या मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. महानुभाव परंपरा सांगते की पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत या लीळांची पोथी गेली आणि अनुयायांनी आठवणीतून लीळाचरित्र पुन्हा उभे केले. त्यातला एक प्रमुख पाठ हिराइसाचा, म्हणजे एका बाईचा. वेगवेगळ्या पाठांतला फरक बुजवून एकच गुळगुळीत संहिता करावी, असे त्या लोकांना वाटले नाही. कुणाच्या पाठात काय आहे, हे त्यांनी नावानिशी नोंदवून ठेवले. तुकोबांचे अभंग वह्यांत उतरवणारे संताजी जगनाडे तेली होते. तेव्हा जपणुकीचा मक्ता कुठल्याच जातीकडे नव्हता.

कीर्तनाचे शास्त्र आणखी निराळे. कीर्तनकाराचे बाड हे उभे राहून बोलण्यासाठी केलेले टाचण असते. त्यात अभंगाचे एखादे चरण पुढेमागे झाले, दुसऱ्याचा दृष्टांत शिरला, तर त्याला भ्रष्ट म्हणणे हा संपादकाचा हट्ट झाला. नामदेवांच्या मुद्रेने पुढच्या कितीतरी जणांनी रचना केल्या, त्या लबाडीने केल्या असे वारकऱ्यांना कधी वाटले नाही. अभ्यासकाने त्या वेगळ्या काढाव्यात, जरूर काढाव्यात. फक्त गाणाऱ्यांना गुन्हेगार ठरवू नये.

आज बाजारात मिळणाऱ्या कितीतरी गाथा आणि पोथ्या कोणत्या प्रतीवरून छापल्या, याचा उल्लेखसुद्धा करत नाहीत. सातशे वर्षांपूर्वी पोथी गमावून बसलेल्या महानुभावांनी पाळलेला नियम छापखाना हाताशी असलेल्या प्रकाशकांना जड जाऊ नये. पुढच्या आवृत्तीत निदान पहिल्या पानावर एवढे छापा: पाठ कुणाचा, कुठल्या प्रतीतला, आणि दुसऱ्या प्रतीत काय आहे.