जैतून, शेंगदाणा आणि आपली कढई

पालकसभा संपल्यावर एक भगिनी वर्गातच थांबल्या. सासऱ्यांच्या हृदयाचे दुखणे निघाल्यापासून त्यांनी घरात जैतूनचे तेल सुरू केले आहे. पाच लिटरचा डबा येतो आणि भाजी, सालन, इफ्तारची भजी, सगळे त्यातच होते. "बरकतीचं तेल आहे मॅडम, पण डबा आणला की त्या महिन्यात पोरांचं दूध कमी करावं लागतं. तरी चालू ठेवू ना?" डब्यावर काय लिहिले आहे, एवढेच मी विचारले. दुसऱ्या दिवशी फोटो आला. मोठ्या अक्षरांत 'ऑलिव्ह', खाली बारीक अक्षरांत 'पोमेस ऑइल'.

हा डबा अनेक घरांत आहे, म्हणून या वेळचे पान तेलासाठी.

जैतूनबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि तो योग्यच आहे. सूरह तीनमध्ये अंजीर आणि जैतूनची शपथ आहे, सूरह नूरमध्ये त्याच्या तेलाच्या दिव्याची उपमा आहे, आणि ते तेल खावे, अंगाला लावावे अशी हदीसही आपण ऐकलेली असते. पण ते तेल म्हणजे फळ दाबून काढलेला रस. आजही तसे तेल मिळते. बाटलीवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' लिहिलेले असते आणि त्यातली आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. पोमेस ही वेगळी गोष्ट. फळातून तेल काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, त्यातले उरलेसुरले तेल रसायनाने ओढून काढतात, रिफाइंड करतात आणि चवीपुरते चांगले तेल त्यात मिसळतात. ते विषारी नाही, तळणालाही चालते. पण ज्या गुणांसाठी आपण जैतूनला जास्तीचे पैसे मोजतो, ते बहुतेक शुद्धीकरणातच निघून जातात. 'एक्स्ट्रा लाइट' या शब्दालाही फसू नका. हलका असतो तो रंग आणि वास. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊच कॅलरी. आणि 'कोलेस्टेरॉल फ्री' तर सगळीच वनस्पती तेले असतात, अगदी पामतेलसुद्धा!

मग अस्सल एक्स्ट्रा व्हर्जिन हृदयाला चांगले का? होय. स्पेनमध्ये हजारो लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही त्रुटी दुरुस्त करून तो २०१८ मध्ये पुन्हा छापला गेला. त्यात भरपूर भाज्या, डाळी, मासे असलेल्या आहाराबरोबर हे तेल खाणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा त्रास कमी झाला. पण त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या गटाला तेलाऐवजी अक्रोड-बदामासारखा सुका मेवा दिला होता, त्यांनाही फायदा झाला. म्हणजे बरकत एकट्या बाटलीत नव्हती, सगळ्या ताटात होती. पोरांचे दूध तोडून आणलेला डबा त्या हिशेबात बसत नाही.

परवडत असेल तर लहान, गडद काचेची बाटली आणा. कोशिंबिरीवर, उकडलेल्या चण्यांवर, भाकरीसोबत चमचाभर कच्चेच घ्या. चांगले तेल थोडे कडवट लागते आणि घशाला किंचित झोंबते. तो दोष नव्हे, गुण आहे. फ्रीजमध्ये गोठले तर अस्सल, ही परीक्षा मात्र भरवशाची नाही. गरम केले की त्याचे विष होते, हेही खरे नाही. फोडणीला चालते, पण एवढे महाग तेल कढईत ओतण्यात शहाणपण नाही.

रोजच्या स्वयंपाकाला आपले शेंगदाणा तेल काय वाईट आहे? जैतूनमध्ये ज्या ओलिक आम्लाचे कौतुक होते, ते शेंगदाणा तेलातही निम्म्याच्या आसपास असते. एक डबा संपला की पुढच्या वेळी करडई किंवा सूर्यफूल आणावे. एकाच तेलावर वर्ष काढण्यापेक्षा ही अदलाबदल बरी. आपल्या घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या वरच्या डोंगरात आदिवासी शेतकरी खुरासणी पिकवतात, तिलाच कारळे म्हणतात. तिचे तेल खाण्याचे आहे, हे आपल्या नव्या सुनांना माहीतसुद्धा नसते. खुरासणीची किंवा जवसाची चटणी तरी दस्तरखानावर असू द्या.

आता लाकडी घाण्याच्या तेलाची हवा आहे. त्यासाठी एक हिशेब सांगते, मुलांना घालते तसाच. एक किलो दाण्यांतून घाण्यावर साधारण चारशे ग्रॅम तेल निघते. म्हणजे किलोभर तेलाला अडीच किलो दाणे लागले. बाजारात दाण्याचा भाव विचारा, अडीचने गुणा, पेंडीचे पैसे वजा करा. त्याहून स्वस्त 'शुद्ध घाण्याचे तेल' कोणी देत असेल तर त्यात दुसरे काहीतरी आहे. स्वतः दाणे देऊन काढून आणणार असाल तर बुरशी लागलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे आधी निवडून टाका. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि घाण्याच्या तेलात ते उतरू शकते. सुटे तेल तर घेऊच नका. पाकीटबंद घ्या आणि मिश्र तेल असेल तर कोणते किती टक्के, ते पाकिटावर वाचा.

पण खरे सांगू? कोणते तेल यापेक्षा किती तेल, हा प्रश्न मोठा आहे, आणि तिथे आपण सगळ्याच जणी हात सैल सोडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या ताटाच्या नमुन्यात प्रौढ माणसाला दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे चार किलो झाले, म्हणजे साडेचार लिटरच्या आत. शिरखुर्म्यातले तूप आणि बाहेरचे समोसे त्यातच धरायचे! महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढे तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि तो कोणत्या तारखेला संपतो ते पाहा.

रमजानात हा हिशेब कोलमडतो तो कढईपाशी. काल भज्यांचे, आज कबाबचे, उद्या त्याच तेलात बिर्याणीचा बिरिस्ता, आणि तेल कमी झाले की वरून नवे. पुन्हा पुन्हा तापून तेल काळे पडते, फेसाळते, लवकर धूर सोडते. ते हृदयाला जितके वाईट, तितके बाजारातले कोणतेही ताजे तेल नाही. लहान, खोल कढई घ्या म्हणजे तेल थोडे लागेल. तळून झाले की गाळा, आणि एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. पुन्हा तळणाला नको.

त्या भगिनींना मी सांगितले की आणलेला डबा वाया घालवू नका, फोडणीला वापरून संपवा. पुढच्या महिन्यापासून शेंगदाणा तेल आणा, सासऱ्यांचे मीठ आणि तळण कमी करा, डॉक्टरांची गोळी चुकवू नका. वाचलेल्या पैशांत दूध पूर्ववत होईल. वर काही उरले, तर पाव लिटरची खरी जैतूनची बाटली.