न मरणाऱ्या पेशींचे ऋण

कॉलऱ्याचा घात होतो तो जंतूंनी सोडलेल्या विषामुळे, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात सशांच्या आतड्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. हे विष पेशीत सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूचा पूर आणते, हे पुढे कळले. पण तो पूर येतो कसा? याच्या उलगड्यात मोठा वाटा आहे तो दाद न देणाऱ्या पेशींचा.

उंदराच्या लिम्फोमा कर्करोगातील एस-४९ पेशी या रेणूच्या अतिरेकाने मरतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत त्यांतून तगलेल्या उत्परिवर्तित पेशी वेगळ्या काढण्यात आल्या. काहींत प्रोटीन कायनेज ए या विकराची उणीव होती. निरोप येई, पण तो अमलात आणणारा नसे. दुसऱ्या काहींत निरोप घडवणारे विकरच नाही, असे आधी वाटले. प्रत्यक्षात ते होते. हरवले होते ते त्याला चेतवणारे जी-प्रथिन. कॉलऱ्याचे विष नेमके हेच प्रथिन सतत चालू ठेवते. जी-प्रथिनांच्या शोधासाठी गिलमन व रॉडबेल यांना १९९४ चे नोबेल मिळाले; डे यांना ते कधीच लाभले नाही.

खंत केवळ पुरस्काराची नाही. प्रत्येक प्रस्तावाला ‘उपयोग काय?’ असे पहिल्याच पानावर विचारणाऱ्या व्यवस्थेत, न मरणाऱ्या पेशी वर्षानुवर्षे जोपासण्यास निधी कोण देणार? बिघाड समजल्यावाचून यंत्रणा समजत नाही. मूलभूत संशोधनाचा निधी ठरवताना एवढे तरी स्मरणात असावे.